जैवविविधतेच्या कायद्यावर संसदीय समितीला गावातून निवेदन कसं पाठवायचं

मराठवाड्यातल्या पाटोद्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं हे रोजचं काम. आजूबाजूच्या गावांतल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद ठेवतात, त्यांच्या नोंदवह्याही मीच टाइप करते, त्यामुळे एक प्रश्न सारखा समोर येतो: दिल्लीत जंगलाचा, झाडपाल्याचा नवा कायदा होणार असेल, तर गावातून आपण काही सांगू शकतो का?

सांगू शकतो. संसदेची समिती जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवते. मात्र मुदत बहुतेक वेळा पंधरा दिवसांची असते आणि ग्रामसभेची नोटीस काढून बैठक भरेपर्यंत ती संपत आलेली असते. म्हणून ही सगळी वाट आधीच माहीत असावी.

विधेयक सध्या कुठं आहे, हे सगळ्यात आधी बघा. मंत्रालयानं मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं 2014 पासूनचं धोरण आहे. दरवेळी ते पाळलं जातंच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. सभागृहात मांडलेल्या विधेयकाची प्रत संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत मिळते. पुढं ते थेट चर्चेला जातं किंवा समितीकडे.

समितीही दोन प्रकारची असते. विभागांशी संलग्न स्थायी समित्या 24 आहेत. प्रत्येकीत 31 खासदार असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. पर्यावरण आणि वनं ज्या समितीकडे येतात, तिचं काम राज्यसभा सचिवालय बघतं. संयुक्त समिती मात्र त्या एका विधेयकापुरती नेमलेली असते. हा फरक महत्त्वाचा का, ते डिसेंबर 2021 मध्ये दिसलं. 16 तारखेला जैवविविधता दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि 17 ला वन्यजीव संरक्षण दुरुस्ती विधेयक. खातं एक, आठवडा एक. पण पहिलं गेलं संजय जयस्वाल यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे आणि दुसरं जयराम रमेश यांच्या स्थायी समितीकडे. एका समितीसाठी लिहिलेला कागद दुसरीच्या पत्त्यावर गेला तर त्याचा काही उपयोग नाही. जाहिरातीतला पत्ता, ई-मेल आणि शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा.

आता वाचन. विधेयक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर माणूस दमतो, कारण दुरुस्ती विधेयकात "अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत" एवढंच असतं. शेवटून सुरू करा. शेवटी परिशिष्टात मूळ कायद्यातली जी कलमं बदलणार आहेत ती छापलेली असतात. त्याच्या अलीकडे उद्देश आणि कारणांचं निवेदन असतं, त्यात सरकार हा बदल का करतंय ते कळतं. दुसऱ्यांकडे सोपवलेल्या नियम करण्याच्या अधिकारांवरही एक ज्ञापन असतं. ते लोक वाचतच नाहीत, पण कायद्यानं काय ठरवलं आणि काय पुढं नियमांवर ढकललं, हे तिथंच सापडतं. परिशिष्टातलं जुनं कलम डावीकडे आणि नवं उजवीकडे असा तक्ता हातानं करा. अर्धा समज तिथंच येतो.

एक कलम जवळून बघू. 2002 च्या जैवविविधता कायद्याचं कलम 7 सांगत होतं, की भारतीय माणसानं किंवा कंपनीनं व्यापारासाठी जैविक साधन घ्यायचं तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं. आपलं मंडळ नागपूरला आहे. त्या भागातले लोक, पिकवणारे शेतकरी, वैदू आणि हकीम यांना त्यातून सूट होती. 2021 च्या विधेयकानं ही सूट वाढवली. त्यात आयुषचे नोंदणीकृत वैद्य आले, ग्रंथात नोंदलेलं पारंपरिक ज्ञान आलं आणि लागवडीच्या औषधी वनस्पतीही आल्या.

लागवडीच्या, या शब्दावर आमच्याकडे गाडी अडते. बालाघाटाच्या उतारावर कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीला मोठी मागणी असते. नोंदवहीसाठी एका जाणत्या मामांना मी विचारलं, "मामा, ही गुळवेल लावली कुणी?" ते म्हणाले, "लावतंय कोण बाई, पाखरांनी लावली." लिंब शेताच्या बांधावर, बांध खातेदाराचा, वेल पाखरांची. तुकडे करून वाळवून पोत्यात भरली, की लागवडीची कुठली आणि रानातली कुठली हे व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही. सगळा माल लागवडीचा म्हणून गेला, तर कलम 41 खाली आपल्या हद्दीतून व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा गावच्या समितीचा अधिकार कागदावरच राहतो.

संसदेच्या समितीला सांगायचं ते हेच. "निसर्ग वाचवा, औषधी वनस्पती ही आपली आई आहे" अशी निवेदनं माझ्याकडे पुष्कळ येतात. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, मला ती कळते. पण समिती विधेयक कलमवार तपासते, मंत्रालयाला प्रत्येक सूचनेवर उत्तर मागते आणि दोन्ही अहवालात छापते. ज्या वाक्याला कलमाचा नंबर नाही, त्यावर मंत्रालयाला काही उत्तरच द्यावं लागत नाही. त्या विधेयकावर आमच्याकडून लिहायचं, तर ते असं असायला हवं होतं:

"मूळ कायद्याचे कलम 7, प्रस्तावित दुरुस्ती. आमच्या गावात गुळवेल आणि शतावरी बांधावर व गायरानात आपोआप उगवते. ही ठिकाणे लोक जैवविविधता नोंदवहीत नोंदलेली आहेत (पाने सोबत). लागवडीची म्हणून सूट देण्यापूर्वी गावच्या व्यवस्थापन समितीने जागेवर पाहणी करावी, अशी तरतूद कलमातच घालावी. कारण: वाळलेल्या मालावरून तो लागवडीचा की रानातला हे ओळखता येत नाही."

कलम, गावात दिसतं ते, हवा तो बदल आणि कारण, एवढं पुरे. एका कलमाला एक परिच्छेद. तीन कलमांवर ठोस लिहिलंत तर ते वीस पानी भाषणापेक्षा जास्त वाचलं जातं. पुरावा म्हणून नोंदवहीची पानं, ग्रामसभेचा ठराव आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. जंगल कशाला म्हणायचं यावरचं विधेयक असेल तर जमिनीची जुनी नोंद लागते. आपल्याकडे ती निजामकाळातली, उर्दूत असू शकते. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकून तिची नक्कल आणि वाचून देणारा माणूस हे दोन्ही आधीच गाठून ठेवा, पंधरा दिवसांत ते होत नाही.

भाषेची अडचण खरी आहे. समित्या सहसा हिंदी किंवा इंग्रजीत निवेदन मागतात. आधी मराठीत पक्कं करा, गावासमोर वाचून दाखवा, मग हिंदी करा. कॉलेजातला हिंदीचा शिक्षक हे काम आनंदानं करतो. टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर ई-मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. सह्या केलेली प्रत स्कॅन करून पीडीएफ पाठवा. पोस्टानं दोन प्रती मागितल्या असतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. समितीसमोर स्वतः बोलायची तयारी असेल तर तसं स्पष्ट लिहा. न लिहिणाऱ्याला बोलावणं येत नाही आणि लिहिणाऱ्यालाही येईलच असं नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. पाठवलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, पेपरला देऊ नका, तो समितीच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. त्या विषयावर तुमचं मत वेगळ्या लेखात जरूर मांडा, फक्त तो कागद फिरवू नका.

मग खासदार. मराठवाड्यात लोकसभेचे आठ मतदारसंघ आहेत, तुमचा खासदार त्या समितीत असेलच असं नाही. तरीही त्याला एक पान द्या: आत्ताचे शब्द, हवे असलेले शब्द, कारण. लोकसभेत विधेयक चर्चेला यायच्या किमान एक दिवस आधी कुठलाही सदस्य दुरुस्तीची सूचना देऊ शकतो, आणि तयार शब्द हातात असलेल्या खासदाराला ते सोपं जातं.

समितीचा अहवाल आला की वाचा. जैवविविधता विधेयकावरचा 2 ऑगस्ट 2022 ला आला. संसदेनं विधेयक 2023 मध्ये मंजूर केलं आणि कायदा 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता त्या जागी 1 लाख ते 50 लाखांचा दंड आहे. मला हा बदल पटलेला नाही, कारण मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे धंद्याचा खर्च. जंगल कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या वन संवर्धन दुरुस्ती विधेयकावर 2023 मध्ये संयुक्त समितीनं एकही बदल सुचवला नाही. ते बघून बरेच जण म्हणाले, मग लिहून काय फायदा? त्या अहवालाला काही सदस्यांच्या विमत टिपण्या, म्हणजे न पटल्याच्या नोंदी, जोडलेल्या आहेत, त्या वाचा. पुढं 19 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, की जंगलाचा 1996 च्या निकालातला व्यापक अर्थच राज्यांनी तूर्त चालू ठेवावा. समितीपुढं आलेले आक्षेप नोंदीत राहतात आणि पुढच्या लढाईत हाताशी येतात.

राज्याच्या विधेयकाचं काम सोपं आहे. विधानमंडळाच्या समितीला मराठीत लिहिता येतं, बाकी पद्धत तीच.

कायदा झाला म्हणून तक्ता फाडू नका. खरे तपशील नियमांत असतात. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी मुदत असते, आणि झालेले नियम 30 दिवस संसदेपुढं ठेवावे लागतात. तिथं अधीनस्थ विधान समिती ते तपासते. विधेयकाच्या वेळी केलेला तक्ता काढा, त्यात "नियमात काय म्हटलंय" असा तिसरा रकाना घाला आणि ज्या कलमावर तेव्हा लिहिलं होतं, त्याच कलमाच्या नियमावर पुन्हा लिहा.