कॅल्गरीच्या हिवाळ्यात परसातल्या कोंबड्या

कॅल्गरी शहरात 2022 पासून परवाना घेऊन घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळता येऊ लागल्या, तेव्हापासून येथील मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: उणे तीस अंशांत कोंबड्या जगतात तरी कशा? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी गावाकडे कोंबड्यांना उन्हाळ्याने धापा टाकताना किंवा पावसाळ्यात मरगळून बसलेले पाहिले आहे, थंडीने मरताना नव्हे. काही हिवाळे कोंबड्यांबरोबर काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, पूर्ण पिसे आलेली निरोगी कोंबडी कोरडी थंडी बरीच सोसते. तिला बाधतो तो खुराड्यातला ओलावा, आणि ओलाव्याच्या जोडीला वाऱ्याचा झोत आला की बाधेची इजा होते. हिवाळ्याची सारी तयारी हे ध्यानात ठेवूनच करावी.

नियमांविषयी थोडक्यात सांगतो. कॅल्गरीत किमान दोन आणि कमाल चार कोंबड्या ठेवता येतात, कोंबडा ठेवता येत नाही, आणि परवान्याआधी एक प्रशिक्षण पूर्ण करून अल्बर्टा सरकारकडून जागेचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. शेजारच्या गावांचे नियम वेगळे असतात, म्हणून लाकूड विकत घेण्याआधी आपल्या पालिकेचा चालू नियम स्वतः वाचावा.

कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि थंडीत ती पिसे फुलवून त्यांच्या थरांत हवा अडकवते; ही हवाच तिची गोधडी असते. पिसे ओली झाली किंवा वाऱ्याने विस्कटली की ही हवा निघून जाते. तुरा, चोचीखालचे लोंबते कल्ले आणि पायाची बोटे मात्र उघडीच राहतात, आणि हिमदंश होतो तो तेथेच. त्यामुळे जात निवडताना अंड्यांच्या संख्येपेक्षा तुऱ्याकडे अधिक पाहावे, असा माझा आग्रह आहे. लेगहॉर्नसारख्या मोठ्या, उभ्या तुऱ्याच्या कोंबडीला येथे प्रत्येक हिवाळ्यात जपावे लागते. वायनडॉटचा तुरा डोक्यालगत बसलेला असतो. शाँटेक्लेर ही जात तर या हवेसाठीच घडवलेली आहे. क्विबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक जातींच्या संकरातून ती तयार केली. तिचा तुरा आणि कल्ले इतके लहान ठेवले आहेत की गोठायला फारसे काही उरतच नाही. मिळाली तर ती घ्यावी, पण मागणी वसंतातच नोंदवावी लागते.

आता खुराड्याकडे वळू, कारण बहुतेक नवख्यांची गफलत येथे होते. थंडी म्हटली की आपला हात प्रत्येक फट बुजवण्याकडे जातो. चार कोंबड्या रात्रभर श्वासावाटे बाफ सोडतात, विष्ठेतून पाणी आणि अमोनिया सुटतो, आणि लांब रात्रीमुळे त्या चौदा-पंधरा तास आतच बसून असतात. बंद पेटीत ही सगळी बाफ छताला लागून गोठते, सकाळी पाणी होऊन पाठीवर ठिबकते आणि ओल्या तुऱ्याला गारठा धरतो. म्हणून झरोके हवेतच, पण ते बसायच्या दांडीच्या बरेच वर, वळचणीखाली समोरासमोरच्या दोन भिंतींवर असावेत आणि त्यांना अर्ध्या इंचाची मजबूत जाळी असावी. दांडीच्या पातळीवर मात्र एकही फट राहू नये. परीक्षा सोपी आहे: पहाटे खिडकीच्या आतल्या बाजूला हिमाची साय दिसली किंवा खाली वाकल्यावर नाकाला झोंबले, तर झरोके अपुरे आहेत, मग बाहेर कितीही थंडी असो.

दांडी म्हणून दोन बाय चार इंची फळी रुंद बाजू वर करून बसवावी, म्हणजे कोंबडी बसल्यावर तिची बोटे पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात. गोल काठी पकडताना ती थोडी उघडी राहतात. दांडीखाली एक फळी आडवी ठेवून सकाळी तिच्यावरची विष्ठा खरवडून काढावी. कडाक्याच्या थंडीत ती दगडासारखी गोठलेली असते आणि खुरप्याच्या एका फटक्याने सुटते, ही या हवामानाची एक छोटी सोय म्हणायची. खाली कोरड्या लाकडी छिलप्यांची वीतभर जाड गादी असावी. गादी कुजून खुराडे गरम ठेवते असे अनेक जण सांगतात, पण चार कोंबड्यांच्या लहान आणि गोठलेल्या खुराड्यात तसे घडण्याची आशा मी धरणार नाही. तिचे काम ओल शोषणे आणि जमिनीचा गारठा अडवणे एवढेच आहे. खुराडेही उगाच ऐसपैस नको. प्रत्येक कोंबडीमागे चार चौरस फूट पुरेसे होतात, कारण मोठ्या जागेत त्यांच्या अंगची ऊब विरून जाते.

कॅल्गरीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे चिनूक हा हिवाळ्यातला उबदार, कोरडा वारा. पॅसिफिककडून येणारी दमट हवा रॉकी पर्वतावर चढताना आपला पाऊस आणि बर्फ पलीकडेच टाकते, आणि अलीकडच्या उतारावरून खाली येताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापत जाते. परिणामी उणे वीसची सकाळ दुपारपर्यंत शून्याच्या वर गेलेली येथे सर्रास दिसते. दक्षिण अल्बर्टातील पिंचर क्रीक येथे जानेवारी 1962 मध्ये तासाभरात पारा उणे 19 वरून 22 अंशांवर गेल्याची नोंद सांगितली जाते. माणसे या दिवशी हरखून जातात, पण कोंबडीवाल्याने याच दिवशी सर्वाधिक सावध राहावे. गोठलेली विष्ठा वितळते, गादी ओलावते, अंगणात चिखल होतो, पायाची पिसे भिजतात, आणि वारा पडला की दोन-तीन दिवसांत पुन्हा कडाका येतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक हिमदंश सलग थंडीत झालेले नसून अशा वितळून पुन्हा गोठण्याच्या रात्री झालेले आहेत. म्हणून चिनूक सुटला की ओली गादी उपसून कोरडी घालणे आणि दुपारी दार सताड उघडे ठेवणे ही कामे पुढे ढकलू नयेत.

हाच वारा पश्चिमेकडून धडाडत येतो, तर कडाक्याची हवा उत्तरेकडून उतरते. त्यामुळे खुराड्याचे दार आणि फिरण्याच्या जाळीदार आवाराची उघडी बाजू दक्षिणेला किंवा आग्नेयेला असावी. तेथे हिवाळ्यातले तिरपे ऊनही मिळते. पश्चिम आणि उत्तर बाजूंना जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून लाकडी पट्ट्यांनी दाबून बसवावे, नुसत्या खिळ्यांनी नव्हे, कारण फडफडणारे प्लास्टिक आठवड्यात फाटते आणि कोंबड्यांना घाबरवते ते वेगळेच. खुराडे जमिनीला लोखंडी खुंट्यांनी जखडण्याचे काम ऑक्टोबर सरण्याआधी उरकावे. नंतर जमीन पहारीलाही दाद देत नाही. बर्फावर पाय ठेवायला कोंबड्या सहसा राजी नसतात, म्हणून आवारावर छप्पर आणि खाली पेंढा घालावा. एका घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची किंवा शेकोटीची राख ठेवली की त्या हिवाळाभर तीत लोळून पिसे साफ ठेवतात.

उष्णतेच्या दिव्याविषयी मी ठाम आहे: तो लावू नये. धूळ, छिलपे आणि पिसे असलेल्या जागेत पडलेला एक दिवा खुराड्यासह कुंपणही जाळू शकतो. दुसरा धोका विजेचा. 13 जानेवारी 2024 रोजी उणे तीसच्या खालच्या थंडीत अल्बर्टातील वीजजाळ्यावर एवढा ताण आला की, वीज कमी वापरण्याचा आपत्कालीन संदेश प्रत्येकाच्या मोबाइलवर आला. दिव्याच्या उबेत राहिलेल्या कोंबड्यांना त्या रात्री वीज गेली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. हळूहळू वाढत जाणाऱ्या थंडीशी त्या आपणहून जुळवून घेतात.

वीज खर्चायचीच तर पाण्यासाठी खर्चावी. पाणी गोठले की कोंबडी खाणेही सोडते, आणि खाणे हेच तिचे इंधन. आपोआप चालू-बंद होणारी तापपट्टी भांड्याखाली ठेवावी, आणि भांडे खुराड्यात न ठेवता छप्पर असलेल्या आवारात ठेवावे, म्हणजे आतला ओलावा वाढत नाही. नेहमीचे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य भरपूर द्यावे आणि संध्याकाळी मूठभर भरडलेला मका टाकावा. जमीन गोठल्याने दाणे पचवायला लागणारे खडे मिळत नाहीत, म्हणून बारीक खडी आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाट्यांत ठेवावा.

डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा होतो, त्यामुळे अंडी घटणारच. चौदा तासांचा उजेड पुरवण्यासाठी पहाटे छोटा दिवा लावता येतो. तो संध्याकाळी लावून अचानक बंद केला तर कोंबड्या अंधारात दांडी शोधत राहतात. मी दिवा लावत नाही. मिळालेली अंडी मात्र दुपारपर्यंत उचलावीत, नाहीतर ती गोठून तडकतात.

तुऱ्याची टोके पांढुरकी दिसली तर चोळू नयेत, शेकूही नयेत. कोंबडीला गॅरेजसारख्या थंड पण न गोठणाऱ्या जागी ठेवावे. काळी पडलेली टोके कापू नयेत, ती आपोआप गळतात. सूज किंवा पू दिसल्यास पशुवैद्याला दाखवावे, पण कोंबड्या तपासणारा पशुवैद्य शहरात कोण आहे हे सप्टेंबरातच विचारून ठेवावे.

शेवटचा मुद्दा खास आपल्या लोकांसाठी आहे. आपली भारतवारी बहुधा डिसेंबर-जानेवारीतच ठरते आणि कडाकाही तेव्हाच असतो. या काळात दिवसातून दोनदा येऊन पाणी, अंडी, दार आणि गादी पाहणारा माणूस ठरल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. शेजाऱ्याला अंडी देऊ केली की तो सहसा तयार होतो. त्याच्याकडून आपल्यादेखत एक-दोन फेऱ्या करून घ्याव्यात, आणि गोठलेला कडी-कोयंडा उघडण्यासाठी कोमट पाण्याची बाटली कोठे ठेवली आहे, झरोके का बंद करायचे नाहीत आणि चिनूक आला तर गादी कशी बदलायची, हे कागदावर लिहून खुराड्याच्या दारामागे चिकटवून जावे.