रब्बीच्या तोंडावर ट्रॅक्टर सेल्फ घेत नसेल तर

सोयाबीन निघालं, हरभऱ्याला वापसा आला, आणि पावसाळाभर उभा असलेला ट्रॅक्टर चावी फिरवली तरी हूं की चूं करत नाही. लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. हेडलाइट लावा आणि दिव्यांकडे बघत सेल्फ मारा.

दिवे लागलेच नाहीत, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा मुख्य वायर सुटली आहे. टकटक आवाज येऊन दिवे मंदावले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल नीट टेकत नाही. पावसाळ्यानंतर टर्मिनलचीच शंका आधी घ्यावी. निगेटिव्ह वायर आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. अर्थची वायर चॅसीला जिथे बसते तिथला गंज बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तोही काढा. मल्टिमीटर असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर चार्ज करून पुन्हा तपासा.

दिवे झगझगीत राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर गिअर न्यूट्रलला आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद आहे का ते पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरांत तिथे सेफ्टी स्विच असतो. मग फ्यूज, चावीचा स्विच आणि सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचची) बारीक वायर. ती उंदरांनी कुरतडलेली असू शकते. स्क्रू-ड्रायव्हर लावून सेल्फ शॉर्ट करायची सवय मात्र जिवावर बेतते: सेफ्टी स्विच बाजूला पडतो, ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर थेट अंगावर येतो.

बॅटरी आणि वायरिंग चांगली, तरी एकच ‘टक’ होऊन इंजिन अडतंय? उभ्या सायलेन्सरवर पावसाळ्यात झाकण होतं का ते आठवा. पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असेल, आणि पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी जोर लावून सेल्फ मारला किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिककडून इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा. डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा बघा.