नकाशा पक्का करण्याआधी त्यावर जूनचा पाऊस पाडून बघा

कोकणात घर बांधताय? मग लाइनआउटची, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करायची, फक्की पडण्याआधी नकाशा पावसाच्या नजरेने तपासा. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येची झड थेट पश्चिमेच्या दारा-खिडक्यांवर आपटते. त्या बाजूला पडवी हवीच, निदान 6 फुटांची. त्याहून अरुंद ठेवलीत तर दोरीवरचे कपडे सुकणार नाहीत. मागच्या दाराशी पाय धुवायला नळ आणि ओल्या छत्र्यांना खुंट्या, हेही आत्ताच काढून घ्या.

मापं मात्र आतलीच लिहून मागा, हे फार महत्त्वाचं. चिऱ्याची भिंत गिलाव्यासकट साधारण 10 इंच खाते. बाहेरून 10 बाय 12 ची खोली आतून जेमतेम सव्वाआठ बाय सव्वादहा भरते; त्यात 6 फुटी पलंग आणि कपाट मांडलं की दार पुरतं उघडत नाही. म्हणून पलंग, कपाट, दाराचा पल्ला, सगळं नकाशावर मापाने काढायला लावा.

ओटी आणि माजघरामधलं दार 5 फुटी, दोन पल्ल्यांचं ठेवा. चतुर्थीला मुंबईची माणसं आली की आरतीला सगळे मावतील.