तोंडी भाडेकरार आणि घरमालकाशी वाद: मुंबईतील भाडेकरूने काय करावे

मुंबईत ओळखीतून, ब्रोकर टाळून घेतलेल्या जागेचा करार पुष्कळदा तोंडीच राहतो. "कागद नंतर करू" म्हणत भाडे सुरू होते आणि वर्षभराने घरमालक अचानक भाडे वाढवतो, महिनाअखेर जागा रिकामी करा म्हणतो किंवा डिपॉझिटचा आकडाच वेगळा सांगू लागतो. आपल्याकडे कागद नाही, म्हणजे आपली बाजूच नाही, असे समजून भाडेकरू निमूटपणे सामान बांधतो. कायद्याची भूमिका मात्र तशी नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा, तसेच लिव्ह अँड लायसन्सचा (जागा फक्त वापरायला देण्याच्या परवान्याचा) करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. (अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.)

"खोटे ठरेपर्यंत" हे शब्द मात्र विसरू नयेत. घरमालकाने पुरावा आणला, तर नुसत्या शब्दाला वजन राहणार नाही. म्हणून वाद चिघळण्याआधीच आपले कागद गोळा करावेत. बँकेतून किंवा यूपीआयने दिलेल्या भाड्याच्या नोंदी, डिपॉझिट दिल्याचा व्यवहार, वीजबिल भरल्याच्या पावत्या, सोसायटीला दिलेले पत्र, घरमालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती कळवली असल्यास तिची प्रत, हे सारे उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसू नये आणि फोनही बदलू नये, कारण न्यायालयात अशा पुराव्यासोबत तो कोणत्या उपकरणातून आला हे सांगणारे, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र द्यावे लागते. भाडे रोखीने देत असाल, तर पावती मागा आणि पुढचा हप्ता बँकेतूनच द्या.

त्यानंतर घरमालकाला शांत भाषेत पत्र पाठवावे: "1 जूनपासून दरमहा 18,000 रुपये भाडे व 60,000 रुपये डिपॉझिट असे आपल्यात ठरले होते. यात काही चूक असल्यास पंधरा दिवसांत कळवावे." पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी. त्यात एकही वाढीव शब्द नको, कारण पुढे हेच पत्र आपल्यावर उलटवले जाऊ शकते.

वाद कितीही वाढला तरी भाडे थांबवू नये. "डिपॉझिटमधून कापून घ्या" हा मार्ग सोपा वाटतो, पण त्यामुळे थकबाकीदार ठरवण्याची आयती संधी घरमालकाच्या हाती जाते. त्याने भाडे घेण्यास नकार दिला, तर ते त्याच्या खात्यावर जमा करून व्यवहारात महिन्याचा उल्लेख करावा.

पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम 29 खाली लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) अर्ज करता येतो. मुंबईत हे न्यायालय धोबी तलावला असून वांद्र्यातही त्याची शाखा आहे. कुलूप बदलून बाहेर काढले, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. "ही दिवाणी बाब आहे" असे उत्तर मिळाले तरी ती पोच पुढे कामी येते. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा गेला असल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली ताबा परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता मोफत मदत मिळते.

समेट झाल्यास त्याच आठवड्यात करार ऑनलाइन नोंदवून घ्यावा. जागा सोडायचे ठरल्यास मात्र रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो काढावेत, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. दिल्यावर तिची लेखी पोच घ्यावी.