हरिकेनची प्रतिकृती बांधताना आणि रंगवताना या चुका टाळा

प्लास्टिकच्या किटमधून जुन्या लढाऊ विमानाची प्रतिकृती बांधणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा रंगाबद्दल असतात. रंग टेपखाली पाझरला, डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ पापुद्र्याखाली) चंदेरी चमक आली, पृष्ठभाग खरखरीत झाला, बुजवलेल्या सांध्याची रेघ पुन्हा वर आली, अशा त्या तक्रारी असतात. यांपैकी फार थोड्यांचे कारण रंगाच्या बाटलीत सापडते. दोष ज्या पायरीवर दिसतो, त्याच्या एक-दोन पायऱ्या आधीच तो झालेला असतो आणि म्हणूनच त्यावर रंगाचा आणखी एक हात मारून तो झाकू गेल्यास तो अधिकच उठून दिसतो.

या लेखापुरते उदाहरण म्हणून हॉकर हरिकेन घेतले आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले दुसऱ्या महायुद्धातले हे ब्रिटिश लढाऊ विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनकडे हरिकेनच होती, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना हे विमान शेल्फवर हवे असते. शिवाय त्याची बांधणी अर्धी धातूची आणि अर्धी कापडाची असल्यामुळे रंगवणाऱ्याची परीक्षा त्यात चांगलीच होते.

गोंदाच्या आधी

विमान नेमके कोणत्या प्रकारचे, कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या आघाडीवरचे करायचे, हे न ठरवता बांधायला बसणे ही पहिली चूक होय. मार्क २-बी हरिकेनच्या पंखांत बारा मशीनगन होत्या, तर २-सी मध्ये २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या आणि त्यांच्या नळ्या पंखाच्या पुढे ठळक दिसत. उष्ण प्रदेशात पाठवलेल्या अनेक विमानांना नाकाखाली धूळ गाळणारा मोठा फिल्टर बसवलेला असे. किटमध्ये पुष्कळदा दोन्ही पर्याय दिलेले असतात आणि निर्णय करणाऱ्यावर सोडलेला असतो, म्हणून निवडलेल्या विमानाचे त्या काळातले छायाचित्र आधी शोधावे. संग्रहालयातल्या विमानाला पुरावा मानू नये. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आहे आणि आकार, जाडी, चाकांची ठेवण यांसाठी असे विमान प्रत्यक्ष पाहण्यासारखे दुसरे साधन नाही. परंतु जतनासाठी पुन्हा रंगवलेल्या कोणत्याही विमानाच्या छटा युद्धकाळातल्या असतीलच असे नाही.

भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, त्या चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुऊन वाळवाव्यात. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला तेलकट पदार्थ राहिला, तर पुढे रंग धरत नाही आणि टेप काढताना सालीसारखा निघून येतो. भाग कापताना कटर अगदी भागाला टेकवून दाबण्याचा मोह होतो. त्याने प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो किंवा भागाचाच लहानसा तुकडा उडतो. आधी एक-दोन मिलिमीटर दांडी ठेवून कापावे, उरलेली दांडी धारदार पात्याने छाटावी आणि मग पॉलिश पेपरने सपाट करावी.

सांधे: निम्मे दोष येथे जन्मतात

धडाचे दोन अर्धे जोडताना पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडण्याचा पातळ गोंद) आणि बोटे यांचे जमत नाही. हे सिमेंट केशाकर्षणाने फटीत धावते आणि फटीवर बोट असेल तर बोटाखालीही शिरते. परिणामी प्लास्टिकवर आपला ठसा कायमचा उमटतो. अशा वेळी लगेच पुसायला जाऊ नये. मऊ झालेले प्लास्टिक पुसल्याने आणखी फरफटते. ते दुसऱ्या दिवसापर्यंत कडक होऊ द्यावे आणि मग ६०० व १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावे. दोन्ही अर्धे बोटांऐवजी टेपच्या पट्ट्यांनी धरून ठेवणे आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत सिमेंट सोडणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सर्वांत छळणारा दोष म्हणजे बुजवलेला, घासलेला, गुळगुळीत झालेला सांधा रंग दिल्यावर आठवड्याभरात पुन्हा बारीक खाच होऊन दिसणे. याचे कारण असे, की सिमेंट प्लास्टिक विरघळवते आणि त्यामुळे सांध्याजवळचे प्लास्टिक काही काळ फुगलेले असते. ते फुगलेले असतानाच घासून सपाट केले, तर आतले द्रावण उडून गेल्यावर तो भाग आक्रसतो आणि खाच पडते. लांबी (फट बुजवण्याची पुटी) भरली असेल तर तीही वाळताना आक्रसते, आणि एकाच वेळी जाड थापली तर जास्तच. म्हणून सांधा निदान एक रात्र, जाड लांबी त्याहून अधिक काळ तशीच ठेवावी, आणि मोठी फट दोन-तीन पातळ थरांत भरावी. खाच एकदा वर आलीच, तर तिथला रंग घासून काढून पुन्हा लांबी भरण्याला पर्याय नाही. रंगाच्या थराने ती कधीही बुजत नाही.

पंख आणि धड यांचा जोड हा हरिकेनमधला खास नाजूक भाग आहे. या विमानाच्या पंखाचा धडाखालचा मधला भाग सपाट असतो आणि फक्त बाहेरचे दोन भाग वर उचललेले असतात. धड आणि पंखाच्या वरच्या पृष्ठात फट दिसली, की पुष्कळजण टेपने पंख वर ओढून ती मिटवतात. फट मिटते खरी, पण मधला भागही वाकतो आणि समोरून पाहताना विमान भलत्याच जातीचे वाटते. गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग कोरडे जुळवून पाहिले तर ही फट वेळेवर कळते, आणि तेव्हा धडाच्या आत चौकटीच्या दांडीचा मापाचा तुकडा आडवा बसवून धड किंचित फाकवले की पंखाची उचल न बिघडवता फट मिटते.

कॉकपिटबद्दल एक मत येथेच नोंदवतो. कॅनॉपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) बंद ठेवणार असाल तर आतल्या सूक्ष्म कामात आठवडा घालवण्यात अर्थ नाही. तो वेळ सांध्यांना द्यावा.

अस्तर म्हणजे तपासणी

करड्या अस्तराचा हात न देता थेट रंग देणाऱ्यांना सांध्याचे दोष उशिरा कळतात. प्लास्टिकचा मूळ रंग, लांबीचा रंग आणि घासल्याच्या खुणा यांच्या गोंधळात डोळा फसतो. एकसारख्या करड्या थराखाली मात्र प्रत्येक ओरखडा दिसतो. अस्तर दिल्यावर विमान दिव्याखाली तिरपे धरून पाहावे आणि दोष आढळला तर संकोच न करता मागे जावे. १:४८ प्रमाणात हरिकेनच्या पंखांचा १२.१९ मीटरचा पसारा जेमतेम २५.४ सेंटिमीटर होतो आणि एक दशांश मिलिमीटरचा उंचवटा खऱ्या विमानावरच्या जवळपास पाच मिलिमीटरच्या उंचवट्याएवढा ठरतो.

रंग, थिनर आणि आपली हवा

एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठी) रंग दुधाइतका पातळ हवा आणि हवेचा दाब साधारणतः १५ ते २० पीएसआय (दाबाचे एकक), हे बहुतेकांना पाठ असते. तरीही पृष्ठभाग बिघडतो, कारण रंग, अंतर आणि हवा यांचा मेळ बसलेला नसतो. पृष्ठभाग वॉटर पेपरसारखा खरखरीत लागत असेल, तर रंगाचे कण विमानापर्यंत पोहोचण्याआधीच वाळत आहेत असे समजावे. एअरब्रश जवळ आणावा, दाब कमी करावा आणि रंगात वाळणे लांबवणारे रिटार्डर थोडेसे मिसळावे. विदर्भातल्या मे महिन्यात हा दोष सकाळी लवकर काम केल्यानेच निम्मा कमी होतो. रंगाचे बारीक पाय फुटून ते पृष्ठावर पळू लागले, तर तो फार पातळ आहे किंवा दाब फार आहे. बारीक खड्डे-उंचवटे आले, तर रंग फार जाड आहे. शेवटच्या दोन्ही बाबतीत ओल्या रंगावर दुरुस्ती करत बसू नये. पूर्ण वाळू द्यावे, २००० क्रमांकाच्या पेपरने पाण्यात हलके घासावे आणि पुन्हा पातळ हात द्यावा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वेगळेच संकट येते. लॅकर जातीच्या रंगावर किंवा वार्निशावर पांढुरकी साय धरते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली आर्द्रता त्यावर बसते, हे त्यामागचे कारण आहे. फार वेळ गेला नसेल तर कोरड्या हवेत, सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा मारल्यास ती साय बहुधा विरून जाते. पण मुसळधार पाऊस चालू असताना लॅकर न मारणे हेच शहाणपणाचे. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली नसेल, तर या दिवसांत नळीतून पाण्याचा थेंब निघून ऐन पंखावर पडतो. लॅकर मारताना वाफ अडवणारा मास्क आणि उघडी खिडकी हवीच. धूळ अडवणारा कापडी मास्क येथे पुरत नाही.

एकावर एक द्यायच्या थरांची जात तपासणे अनेकजण विसरतात. इनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या तेलाधारित रंगावर) लॅकर मारला, तर खालचा थर सुरकुततो किंवा फुटतो. उलट क्रम चालतो. असा फुटलेला रंग वाचत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

गडद हिरवा आणि मातकट तपकिरी यांच्या कॅमफ्लाजसाठी टेप लावताना तिची कड नखाने किंवा काडीने नीट दाबावी. त्यानंतर आधी खालच्याच रंगाचा एक पातळ फवारा कडेवर मारावा, म्हणजे जे पाझरायचे ते खालच्याच रंगात पाझरते आणि फट बंद होते. दुसरा रंग नेहमी टेपकडून बाहेरच्या दिशेने मारावा. कडेवर रंगाचा जाड थर साचू दिला, तर टेप काढल्यावर पायरी उरते आणि डेकल त्या पायरीवर नीट बसत नाही.

डेकल, आणि गोलातला लाल रंग

डेकलखाली दिसणारी चंदेरी चमक म्हणजे तिथे अडकलेली हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत असतो आणि डेकल त्याच्या उंचवट्यांवर तरंगत राहते. म्हणून डेकलपूर्वी चकचकीत वार्निशाचा हात द्यायलाच हवा. चमक आलीच असेल, तर तिथे बारीक सुईने टोचे मारावेत, डेकल मऊ करणारे द्रावण सोडावे आणि वाळू द्यावे. गरज पडल्यास हे पुन्हा करावे. द्रावणामुळे डेकल आधी सुरकुतते आणि त्या क्षणी घाबरून बोट लावणारा हमखास ते फाडतो. त्याला हात न लावल्यास ते आपोआप ताणून बसते. किट जुने असेल, तर एखादे नको असलेले डेकल पाण्यात टाकून पाहावे. ते तुकडे होऊन विखुरले, तर बाकीच्यांवर आधी पारदर्शक वार्निश मारून ते वाळल्यावर मगच ती वापरावीत.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरील विमान करणाऱ्यांची सर्वांत ठळक चूक मात्र कौशल्याची नसून माहितीची असते. ते किटमधली लाल मध्यबिंदूची ब्रिटिश वर्तुळे तशीच लावतात. जपानी विमानांवर लाल चकती असल्यामुळे गफलतीने आपलीच विमाने पाडली जाऊ नयेत, म्हणून आग्नेय आशियातल्या मित्रराष्ट्रांच्या विमानांवरच्या वर्तुळांतून आणि शेपटीवरच्या पट्ट्यांतून लाल रंग काढून टाकला होता. तिथे गडद निळा आणि आत फिका निळा असे लहान वर्तुळ असे. रंगकाम कितीही सुबक असले, तरी १९४४ च्या इंफाळवरच्या हरिकेनवर लाल ठिपका दिसला की जाणकाराची नजर तिथेच अडते.

जुनेपणा दाखवताना

पत्र्यांमधल्या सर्व रेघांत काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) भरून विमानाचे चौकटीत तुकडे करणे ही आता फॅशनच झाली आहे. ती मला पटत नाही. काळ्याऐवजी तपकिरी-करडा वॉश वापरावा, उघडझाप होणाऱ्या झडपांच्या आणि इंजिनाच्या आवरणाच्या कडांना तो थोडा अधिक द्यावा आणि बाकी ठिकाणी जेमतेम जाणवेल एवढाच ठेवावा. पुसताना हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसावे. इनॅमलचा वॉश पुसताना खालचा रंगही निघू लागला, तर मधला चकचकीत वार्निशाचा थर अपुरा होता असे समजावे. काम थांबवून तो थर पुन्हा द्यावा.

चंदेरी रंगाने उडालेला रंग दाखवताना हरिकेनमध्ये फार जपावे लागते. इंजिनाभोवती धातूचे पत्रे होते आणि मार्क २ चे पंखही धातूने मढवलेले होते, परंतु कॉकपिटच्या मागचे धड, शेपटीचे पृष्ठभाग आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) यांवर ताणलेले कापड होते. कापडावरचा रंग उडाला तरी खाली ॲल्युमिनियम दिसणार कुठून? मागच्या धडावर चंदेरी ओरखडे काढलेल्या प्रतिकृती सर्रास पाहायला मिळतात. अशा भागांवर उन्हाने विटल्याची छटा, धूळ आणि डागडुजीचे किंचित वेगळ्या रंगाचे ठिगळ शोभते. चंदेरी झीज डाव्या पंखाच्या मुळाशी दाखवावी, कारण वैमानिक चढायची ती बाजू होती. एक्झॉस्टच्या नळ्यांमागे धडावर काजळीचा पट्टा द्यावा, मात्र तो पातळ फवाऱ्यांनी थोडाथोडा वाढवत न्यावा.

शेवटच्या मॅट वार्निशानंतर गडद भागांवर पांढरी भुकटी बसल्यासारखी दिसली, तर बाटली नीट ढवळली नव्हती किंवा हात फार जाड झाला. त्यावर चकचकीत वार्निशाचा पातळ फवारा मारला की ती बहुधा नाहीशी होते, आणि नंतर चांगल्या ढवळलेल्या मॅटचे हलके हात देता येतात.

कॅनॉपी सुपरग्लूने चिकटवू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर आतून धुके धरते आणि कॅनॉपी बसवल्यानंतर ते पुसता येत नाही. त्या जागी फेविकॉलसारखा पांढरा गोंद पुरेसा धरतो, आणि बाहेर आलेला गोंद ओल्या ब्रशने निघतो. कॅनॉपीच्या चौकटीवर आधी आतला करडा-हिरवा रंग आणि त्यावर कॅमफ्लाजचा रंग दिला, तर काचेतून आतली बाजू योग्य रंगाची दिसते. टेप सर्वांत शेवटी काढावी, पण त्याआधी चौकटीच्या कडेने नव्या पात्याचे टोक हलकेच फिरवावे, नाहीतर टेपबरोबर रंगाचा पापुद्राही उचलला जातो. टेपचा चिकटा काचेवर राहिला, तर तो थिनरने पुसू नये. त्याच टेपचा ताजा तुकडा वारंवार टेकवून उचलत राहिले की तो निघून येतो.