गोल्डफिश अंड्यावर येतायत, हौदाकडे लक्ष द्या

शिवरात्र सरली की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात थंडी ओसरते. हौदाचं पाणी पहाटेही २० अंशांच्या आसपास राहू लागलं, की गोल्डफिश अंड्यावर येतात. हा मोका हुकला तर वळवाचा गार पाऊस पडून गेल्यावर पुन्हा बघायचं.

नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि त्यामागच्या परांच्या पुढच्या कडेवर खसखशीएवढे पांढरे दाणे उठतात. रोग समजून लगेच औषध ओतू नका. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात दाणे अंगभर, शेपटीवरही पसरतात. हे मात्र आपली जागा सोडत नाहीत. मादीचं पोट फुगतं, वरून पाहिलं तर बऱ्याचदा एका बाजूला जास्त.

मग एखाद्या पहाटे दोन-तीन नर एकाच मादीच्या मागे लागतात, तिच्या पोटाखाली ढुशा देत तिला झाडोऱ्यात रेटतात. पाणी नुसतं ढवळून निघतं. पुष्कळ जण मासे भांडतात म्हणून त्यांना वेगळं करतात आणि तिथंच हंगाम जातो. पाठलाग चालू द्या. मादी दमून तळाशी पडून राहिली, खवले निघायला लागले, तरच तिला बाजूला घ्या.

अंडी चिकट असतात, मिळेल त्याला डकतात. त्यासाठी जलपर्णीची मुळं उत्तम. ती नसेल तर नारळाचा काथ्या उकळून, रंग जाईपर्यंत धुऊन त्याचे झुबके आदल्या संध्याकाळी पाण्यात सोडा. पाठलाग थांबला की झुबके लगेच उचला, कारण आईबापच अंडी खाऊन टाकतात. दुपारपर्यंत थांबलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

झुबके ठेवायला प्लास्टिकचा टप घ्या, पाणी वीतभर, तेही त्याच हौदातलं. तांब्याचा हंडा-घंगाळ नको, तांबं माशांना विष आहे. नळाचं पाणी वापरायचंच असेल तर दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. पांढरी पडलेली अंडी फळली नाहीत असं समजा. त्यांना बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवरही चढते, म्हणून वेचून काढा. २४-२५ अंशांत पिल्लं साधारण तीन दिवसांत बाहेर येतात, पाणी गार असेल तर पाच-सहा दिवस लागतात. पहिले एक-दोन दिवस ती काठाला चिकटून राहतात, तेव्हा काही खायला घालू नका. पोहू लागली की सूक्ष्म शेवाळानं हिरवं झालेलं पाणी, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, चिमटीभरच. बलक उरला की पाणी नासतं, आणि पिल्लं उपासापेक्षा त्यानंच जास्त मरतात.

शेजारच्या भाजीवर, बटाट्यावर फवारणी असेल त्या दिवशी टप झाका. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाचा थोडासा तुषारही माशांना पुरतो. फवारणीचा पंप हौदाजवळ धुवायचा नाही. निपाणीकडच्यांनी तंबाखूची धूळही पाण्यात पडू देऊ नये.

पिल्लं सुरुवातीला काळपट-मातकट दिसतात. गावठी निघाली म्हणून टाकू नका, रंग यायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. जास्त झाली तर दुकानदाराला, पाहुण्यांना द्या. मार्कंडेय नदीत किंवा गावतळ्यात सोडू नका. तिथं हा परका मासा माजला की आपल्या माशांच्या तोंडचं खाणं जातं. मृग लागायच्या आत हौदाच्या सांडव्याच्या नळीला बारीक जाळी बांधून घ्या.