शिकारीचं प्रकरण दाबलं जातंय? कागद असे मागा

शिकारीचा गुन्हा दाबायला पुढारी सहसा लेखी काही देत नाही. फोन येतो, फाइल थांबते. म्हणून माहिती अधिकारात ‘दबाव कोणी आणला’ असं विचारून काही हाती लागत नाही. फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर अडली, हे मात्र कागदावर दिसतं.

आधी पीओआर, म्हणजे वनखात्याच्या प्राथमिक गुन्हा अहवालाचा क्रमांक आणि वनपरिक्षेत्राचं नाव मिळवा. अर्ज उपवनसंरक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा गाऱ्हाणं मांडत बसू नका. फक्त प्रती मागा: पीओआर, जप्ती पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, नमुने प्रयोगशाळेला पाठवल्याचं पत्र व पोच, फाइलवरच्या टिप्पण्या, आणि कोर्टात फिर्याद दाखल झाली असेल तर तिची प्रत. अर्जदाराचं नाव गावात फुटतंच, म्हणून अर्ज शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने करावा. खबऱ्याचा उल्लेख तर कुठेच नको.

प्रती आल्या की पंचनामा आणि प्रयोगशाळेची पोच शेजारी ठेवा. नमुन्यांच्या पाकिटांची संख्या, वजन, लाखेच्या सीलचा ठसा जुळतो का पाहा. पंचनाम्यात चार पाकिटं आणि पोचेवर तीन, एवढं आरोपीच्या वकिलाला पुरतं. मग तारखा. मांसाचा नमुना आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहिला तर सडतो, डीएनए मिळणं अवघड होतं आणि अहवालात ‘प्रजाती निश्चित करता येत नाही’ असं येतं. सुटकेची ही सगळ्यात सोयीची वाट, कारण शिक्षा प्राण्यावर ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. किमान कैद असलेल्या गुन्ह्यात कलम 54 ची तडजोड, म्हणजे पैसे भरून गुन्हा मिटवणं, चालत नाही. तरीही फाइलमध्ये तडजोडीच्या रकमेची पावती सापडली, तर थेट मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी तक्रार करा.

कक्ष क्रमांकही, म्हणजे जंगलाच्या ज्या तुकड्यात शिकार झाली त्याचा नंबर, नकाशावर पडताळा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तरी हीच किमान कैद लागते, त्यामुळे घटनास्थळ कागदावर हद्दीबाहेर सरकवण्याचा मोह मोठा असतो.

उत्तराची मुदत 30 दिवस. ‘तपास चालू आहे’ म्हणून नकार आला तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ज) नीट वाचा: माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येईल, हे कार्यालयाने दाखवायचं असतं. पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत.

वनखातं कोर्टात जातच नसेल तर वन्यजीव अधिनियमाचं कलम 55 आहे. गुन्ह्याची आणि फिर्याद करण्याच्या इराद्याची किमान 60 दिवसांची नोटीस विहित पद्धतीने राज्य शासनाला द्या, पोच जपून ठेवा. मुदत संपली की अशी नोटीस दिलेला कोणीही नागरिक दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करू शकतो. कमाल शिक्षा 3 वर्षांची असेल तर कोर्टाला दखल घ्यायची मुदतही 3 वर्षांचीच असते. फाइल रेंगाळत ठेवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे अपिलांच्या निकालाची वाट न पाहता नोटीस आधीच पाठवून द्या.